वाऱ्याची बाजू

२९ ऑक्टोबर १९९५, रविवार. भवानीनगर

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलो आहे. क्षमा मागायची तर कुणाची, हाच प्रश्न आहे. माझ्याशिवाय ही वही कुणी उघडत नाही. तरी मागतो. वैशाखात योगीचं पहिलं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर हातात पेन धरवलं नाही. झालेलं लिहिलं की ते कायमचं होतं, असं काहीतरी वाटत राहिलं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं असं वाटून घेणं बरं नव्हे. पण वाटलं हे खरं.

आता लिहायला हवं, कारण योगीला पुन्हा दिवस गेले आहेत. दिवाळीला म्हणून आली ती तोंडाला पदर लावूनच एस.टी.तून उतरली. मागे बॅग घेऊन दिग्विजयराव. इंदापुरात त्यांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जावई मऊ स्वभावाचे आहेत, पण आईपुढे त्यांचा आवाज निघत नाही. म्हणून मीच विहीणबाईंना फोन केला आणि सांगितलं, या खेपेला तीन महिने उलटेपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील.

झुंबरबाई म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्या घरात बाईमाणूस न्हाय. बघणार कोण?"

"मी बघेन," असं मी म्हणालो.

बोलून तर बसलो. योगीची आई जाऊन चार वर्षं झाली. कारखान्याच्या कॉलनीतल्या या दोन खोल्यांत मी एकट्यापुरती भाकरी थापायला शिकलो, तेवढीच काय ती माझी तयारी. आणखी एक गोष्ट खरी आहे म्हणून लिहून ठेवतो. योगी राहणार हे ठरलं तेव्हा मला आनंद झाला. ती आजारी आहे म्हणून राहणार आहे, हे माहीत असून झाला.

दुपारी तिनं ट्रंकेतली घोंगडी मागितली. ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीची आहे. योगी पोटात होती तेव्हा तिच्या आईला कडक डोहाळे लागले होते, तिनं अख्खा हिवाळा हिच्यातच काढला. आता दर सीझनला मी ती ड्यूटीवर अंगाला घेतो, आणि कारखाना बंद पडला की कालव्यावर धुऊन ट्रंकेत ठेवतो. योगीनं ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "तात्या, आईचा वास येतो." मग घोंगडीत गुरफटून झोपली. उठल्यावर दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली.

माझ्या हातून हे होईल असं आज पहिल्यांदा वाटलं. दसऱ्याला बॉयलर पेटलाय, बुधवारी गाळप सुरू होईल.

२ नोव्हेंबर, गुरुवार

काल कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली. माझा पहिला आठवडा रात्रपाळीचा. प्रयोगशाळेत रस, पाक, मळी यांचे नमुने तपासायचे आणि मधूनमधून गंधकाच्या भट्टीपर्यंत फेरी मारायची. गारठा आहे, घोंगडी घेऊन गेलो होतो. रात्री योगीच्या सोबतीला शेजारच्या रतनवहिनींची मुलगी येते.

सकाळी परत आलो तर योगी अंगणात बसून केस विंचरत होती. रतनवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, रातभर गप झोपली. चहाबी घेतला. तोंड बघा कसं खुललंय!" अंगण गार होतं, म्हणून मी माझ्या अंगावरची घोंगडी काढून योगीच्या खांद्यांवर घातली. ती पटकन उठली आणि मोरीकडे धावली. चहा गेला. मग नुसतं पाणी. मग पाणीही नाही, हिरवं पित्त.

मी तिचं कपाळ धरून उभा होतो. दुसरं काय धरायचं असतं ते मला माहीत नाही.

कॉलनीच्या ग्रंथालयात एक आरोग्याचं पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की सकाळी पोट रिकामं असल्यामुळे असं होतं, उठल्याबरोबर कोरडं काहीतरी खावं. बिस्किटं आणली.

७ नोव्हेंबर, मंगळवार

बिस्किटांचा उपयोग नाही. लाह्यांचा नाही. आलं-लिंबू दोन दिवस चाललं असं वाटलं, तेही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगाचा नियम मी पाळतोय. एवढं मात्र नक्की झालं की त्रास सकाळचा आहे. मी ड्यूटीवरून येतो तेव्हा सुरू होतो आणि मी जेवून आतल्या खोलीत झोपलो की हळूहळू उतरतो. पुस्तकातही सकाळच लिहिली आहे. म्हणजे निदान वेगळं काही नाही.

म्हणून आल्याबरोबर, आंघोळीच्या आधी, मी तिच्यापाशी बसतो. त्या वेळी तिला एकटं सोडू नये असं वाटतं. पाठीवर घोंगडी घालतो. ती म्हणते, "तात्या, तुमीच घ्या, तुमी गारठून आलाय." तिला उलट्या होत असताना माझ्या गारठ्याची काळजी! मी ऐकत नाही.

हल्ली तिच्या हातात लिंबू असतं. मी आलो की नाकाशी धरते. म्हटलं, "अगं चोख, नुसतं हुंगतेस काय?" हसली बिचारी.

रतनवहिनींना माझी मोठी गंमत वाटते. "पाच बाळंतपणं झाली माजी, पण आमच्या मालकानं कधी विचारलं न्हाय, की बाई वकतीस का हसतीस. भावजी, पुढल्या जन्मी मला तुमचीच लेक करा."

आज मेंढरांची आठवण झाली. लहानपणी आबा सांगायचे, नुकत्या व्यालेल्या मेंढीजवळ जायचं तर आधी वारं बघावं. आपण वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहावं. आपला वास तिच्यावर गेला तर ती बुजते. माणसाचं बरं आहे, आपण सांगू तरी शकतो.

१२ नोव्हेंबर, रविवार

पाळी बदलली. आता पहाटे निघतो, दुपारी घरी येतो. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली आहे. योगीला सकाळी बरं असतं. रतनवहिनींकडे बसून ती मेथी निवडते, अर्धी पोळीसुद्धा खाते. त्रास दुपारी सुरू होतो. सकाळचा त्रास दुपारी सरकतो कसा? पुस्तकात काही नाही. फोडणीच्या तेलावर संशय आहे. उद्यापासून वरण बिनफोडणीचं.

आज झुंबरबाई आल्या, दिग्विजयरावांना घेऊन. मी नुकताच घरी पोचलो होतो, म्हणजे नेमक्या वाईट वेळेला त्या आल्या. योगी मोरीच्या कट्ट्याला धरून बसलेली. अंगावर घोंगडी, डोळे खोल गेलेले.

झुंबरबाईंनी बूड टेकवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "आमच्यात बाया खुरपताना बांधाला जाऊन वकायच्या, पुन्यांदा वळीला लागायच्या. ह्ये असलं लाडाचं वकणं आमी बघितलं न्हाय."

दिग्विजयराव म्हणाले, "आई, तिला खरंच..."

"तू गप. पाव्हणं, मागल्या खेपेला पोर माझ्याकडं होती. पडलं, तर गावभर माजं नाव झालं. मला कुणी विचारलं का, म्हातारे, तुला काय वाटलं? आता तुमच्याकडं हाय. बघू."

जाताना मात्र त्यांनी पिशवीतून कवठ काढून योगीच्या उशाशी ठेवलं. "गूळ घालून चाट. माज्या वेळंला ह्येच पोटात ठरायचं." इंदापूरहून कवठ आणणारी बाई नुसती कठोर नसणार. आपण माणसांबद्दल मत फार लवकर करतो का?

योगी खिडकी उघडी ठेवा म्हणते. गार वारं येतं म्हणून मी लावून घेतो. यावरून आज थोडं बोलणं झालं. शेवटी तिनंच लिंबू उचलून नाकाशी धरलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. बारामती

काल दिवसभरात पाण्याचा घोटही ठरला नाही. संध्याकाळी तिला उभं केलं तर माझ्या अंगावर कलंडली. वजन हातालाच कळलं. लहान असताना तिला उचलायचो, त्याची आठवण यावी असं हलकं.

कॉलनीतल्या एकाच्या जीपमधून बारामतीला आणलं. मागच्या सीटवर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून, घोंगडीत. रस्ताभर ओकाऱ्या. जिपेच्या धक्क्यांनी असेल.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. परीक्षानळीत जांभळं कडं आलं, ते मला लांबूनच दिसलं. त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. शरीर आपलीच चरबी जाळतंय, म्हणजे लघवीत अ‍ॅसिटोन आहे. बावीस वर्षं नळ्यांचे रंग बघून पगार घेतला, पण त्यातला एकही रंग माझ्या लेकीचा नव्हता.

सलाईन लावलं आहे. बाईंनी मला बाजूला घेतलं. "आठवडाभर बघू. थांबलं नाही तर आईला जपायचं की पोटातल्याला, हे ठरवावं लागेल. दोन्ही धरून बसता येणार नाही. तयारी ठेवा."

योगीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिनं विचारलं, "बाळ हाय ना?" मी म्हणालो, "आहे." एवढंच माहीत होतं, तेवढंच सांगितलं.

कन्हेरीहून फुलावहिनी आल्या, माझ्या थोरल्या भावाची, म्हस्कूदादाची बायको. योगीजवळ त्या राहतील. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत. गाळपाच्या दिवसांत रजाही मिळत नाही. परत निघालो. "मी बघेन" या दोन शब्दांचा अर्थ आता काय उरला ते कळत नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

फोनवर फुलावहिनी. ओरडूनच बोलतात, फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "भावजी! मऊ भात खाल्ला! वाटीभर! वर म्हणती, चटणी हाय का!"

सलाईननं फरक पडला. मी टेबलावर डोकं टेकून बसलो. शेजारचा क्लार्क म्हणाला, काय झालं साहेब? काय सांगणार, लेकीनं चटणी मागितली म्हणून?

२० नोव्हेंबर, सोमवार

जे झालं ते क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं तर काही दिसेल.

काल रविवार होता. पाळी संपवून थेट बारामतीला गेलो. दवाखान्याच्या चादरी पातळ आहेत असं वहिनी म्हणाल्या होत्या, म्हणून घोंगडी नेली. दारातून बघितलं तर योगी उशीला टेकून बसली होती. हातात वाटी, गालांवर जरा रंग. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की ते मी डोळ्यांनी बघितलंय, ते खोटं असणार नाही. जवळ बसलो. घोंगडी तिच्या पायांवरून पोटापर्यंत ओढली. ती हसत होती. हसता हसता तिचे ओठ पांढरे पडले. वाटी माझ्याच हातात दिली आणि वाकली. सगळं गेलं. मग थांबेचना. नर्सनं मला बाहेर काढलं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे, सुनेच्या सोबतीला आलेली. मी बाहेर पडताना मोठ्यानं म्हणाली, "बापाला बघून वकती व्हय गं पोरी? मग सासू आली की काय जीव देशील?" वॉर्डातल्या बायका हसल्या. फुलावहिनीसुद्धा हसल्या आणि मग तोंडावर पदर घेतला.

म्हातारीनं चेष्टा केली. पण चेष्टेत तिनं जे बघितलं ते मी का बघितलं नाही? आठवून बघतो. रात्रपाळी होती तेव्हा मी सकाळी यायचो, त्रास सकाळी. पहाटेची पाळी लागली, मी दुपारी यायला लागलो, त्रास दुपारी. दवाखान्यात मी नव्हतो, त्रास नव्हता. तेल, बिस्किटं, लाह्या मी बदलत राहिलो. न बदललेली गोष्ट मीच होतो.

म्हणजे तिला मी नकोसा झालो आहे. मला बघून तिला आईचं जाणं आठवत असेल का? की हे लग्न मी ठरवलं, त्याचा राग आहे आणि तो तिलाही कळत नाही, शरीराला कळतो? मी तिला कधी विचारलं होतं का, तुला इंदापूर आवडेल का म्हणून? विचारलं असेल. उत्तर ऐकायला थांबलो होतो का, ते आठवत नाही.

नळीतलं कडं पुन्हा गडद आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस वहिनींशिवाय कुणी येऊ नका. "कुणी" म्हणताना त्या माझ्याकडेच बघत होत्या.

वहिनींच्या हाती योगीनं घोंगडी परत पाठवली. "तात्यांना ड्यूटीवर लागंल, त्यांनाच द्या." नकोशा बापाची अशी काळजी कोण करतं? काहीच जुळत नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो नाही. फोनही केला नाही. माझ्या आवाजानंही होत असेल तर?

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. कन्हेरी

तब्येतीचं कारण सांगून दोन दिवस सुटी काढली. खोटं बोललो. पण बारामतीपासून लांब बसवत नव्हतं. कन्हेरीहून दवाखाना जवळ आहे, आणि वहिनी तिकडे असल्यानं दादा एकटाच होता.

आमचा कळप आबांबरोबर गेला. दादाकडे आता मका आहे, डाळिंब आहे. हौसेखातर सात-आठ मेंढ्या ठेवल्यात, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात. आज सकाळी तो दूध घालायला डेअरीवर गेला आणि एक मेंढी व्याली. मी एकटाच होतो. पिलू ओलं, थरथरत होतं आणि वारं बोचरं. शिकलेलं विसरत नाही. पटकन वाघरीत शिरलो, पिलू उचललं, घोंगडीत गुंडाळून खसाखसा पुसलं आणि छातीशी धरून बसलो. थरथर थांबली. किती दिवसांनी माझ्या हातांना काहीतरी जमलं होतं.

मग ते मेंढीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं, पाय आपटला आणि ढुशी देऊन त्याला उलथं पाडलं. मी पुन्हा ठेवलं. पुन्हा ढुशी. पिलू "बें" करत तिच्याकडेच जात होतं.

तेवढ्यात दादा आला. "सोपाना, काय केलंस रं?"

"गारठलं होतं. पुसून उबेला घेतलं."

"कशात?"

घोंगडी दाखवली. दादा जवळ आला आणि त्यानं तोंड फिरवलं. "आरं तुज्या! ही घोंगडी हाय का मळीची टाकी? मेंढी वळखंल कशी त्याला?"

मी घोंगडी नाकाशी धरली. लोकरीचा मंद वास आला. नेहमीचा, घरचा. दुसरं काही नाही. पुन्हा खोल श्वास घेतला. काही नाही.

"दादा, मला तर काही येत नाही."

"तुला कसा यील? तुझ्या अंगालाच हाय त्यो. गंधक म्हण, मळी म्हण. तू आलास की कुत्रं भुंकायच्या आदी फुलीला कळतं. चुलीम्होरनंच वराडती, भावजी आलं, चहाचं आधण वाढवा."

"एवढ्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय? मेंढक्याला मेंढराचा वास, कारखान्याच्या माणसाला कारखान्याचा. आमी काय वास बघून भाऊ म्हणतो व्हय?"

असं म्हणून तो हसला आणि कामाला लागला. मेंढीची धार काढून त्यानं पिलाच्या डोक्याला, पाठीला, शेपटीला चोळली. मग मेंढीचा पाय धरून बसून राहिला. मी वाघरीबाहेर आलो. वारं मावळतीकडून होतं, म्हणून उगवतीच्या बांधावर जाऊन बसलो. पाय आपणहून तिकडे वळले. व्यालेल्या मेंढीसाठी वारं बघावं हे चाळीस वर्षांपूर्वी शिकलो होतो, आणि याच महिन्यात वहीत लिहूनही ठेवलं होतं. मागची पानं आत्ता वाचली. "माणसाचं बरं आहे, आपण सांगू तरी शकतो." हे माझंच अक्षर.

बऱ्याच वेळानं मेंढीनं पिलाची पाठ चाटली.

२५ नोव्हेंबर, शनिवार. कन्हेरी

विहिरीवर रिठ्यानं अंग घासलं. कातडी लाल झाली. दादाचं धोतर, दादाचा सदरा. त्याला म्हटलं, आता हुंग. तो म्हणाला, "कमी झालाय. गेला न्हाय."

दवाखान्यात गेलो, पण आत गेलो नाही. योगीची खाट खिडकीशी आहे. बाहेर, गजांपासून लांब उभा राहिलो. वहिनींनी तिला उठवून बसवलं. गेल्या चार दिवसांत पुन्हा थोडं थोडं पोटात राहायला लागलंय.

मी विचारलं, "योगे, घोंगडीला वास येत होता?"

तिनं वहिनींकडे बघितलं. "तसं काय न्हाय, तात्या."

"खरं सांग."

ती गजाला धरून बसली होती. "आदी आईचा यायचा. मग कारखान्याचा यायला लागला. मला वाटायचं, खाली कुठंतरी आईचा असंल अजून. म्हणून मीबी हुंगत राह्यचे. मग लईच व्हायचं."

"आणि माझा?"

यावर ती रडायला लागली. वहिनी म्हणाल्या, "विचारू नगा ओ भावजी असलं." पण योगीनंच डोळे पुसले. म्हणाली, "तुमी घरात आला की मला बरं वाटायचं. पोटाला तेवढं कळत नव्हतं."

"सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू? बापाला म्हणू, घरात येऊ नका?"

मी लिहून ठेवतोय, पण हे वाक्य लिहायला नको होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सगळं एकदम सुटेल अशी आशा होती, ती त्यांनी राहू दिली नाही. "वास हे एक कारण. एवढं एकच असतं तर माझ्या निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या असत्या. कॉलनीपासून तिला लांब ठेवा. पुढचे पंधरा दिवस कसे जातात बघू. मी शब्द देत नाही." नळीत आजही फिकं कडं होतं.

उद्या योगी दादाच्या घरी कन्हेरीला येईल. दिग्विजयरावांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राहू द्या. आईला मी सांगतो." त्यांच्या तोंडून "मी सांगतो" हे पहिल्यांदा ऐकलं.

कन्हेरीत मेंढरं आहेत, शेणकूट आहे, चुलीचा धूर आहे. तिला तेही सोसेल का, माहीत नाही. तिथलं वरण कुणी फोडणी घालून करेल की बिनफोडणीचं, माहीत नाही. मी तिथे नसेन. सोमवारपासून दुसरी पाळी, आणि कारखाना एप्रिलपर्यंत चालणार. तोवर पोट वाढेल, वाढलं तर. वहिनी फोनवर ओरडून सांगतील. मला जे करता येईल त्यातलं सगळ्यात उपयोगाचं म्हणजे लांब राहणं, आणि ते करायला पदवीही लागत नाही, मायाही लागत नाही.

घोंगडी दादाच्या विहिरीवर धुऊन वाळत घातली आहे. वाळल्यावर दादाकडेच ठेवणार. धुतल्यावर तिच्यातला खालचा वास राहिला की गेला, हे मला कधीच कळणार नाही. ते तिलाच कळेल.

उद्या: दादा तिला गाडीत बसवील तेव्हा दवाखान्याबाहेर उभं राहायचं, वारं कुठून येतंय ते आधी बघायचं.